टक्का नको विचारू, हातात काय पडतं ते विचार

बाळा,

काल तुझा फोन आला तेव्हा दुपारची गर्दी होती, एका हातात भाकरी आणि एका हातात फोन, त्यामुळे धड बोलता आलं नाही, म्हणून आता रात्री सगळं आवरून बसून लिहितेय. गाळा ठरला, आचारी मिळाला, फार बरं वाटलं. दोन वर्षं माझ्या काउंटरवर उभं राहून तू धंदा बघितलायस, त्यामुळे चव, माप, उधारी यातलं मी तुला काही सांगायला नको. पण डिलिव्हरी ॲपचा माणूस तुला म्हणाला की २४ टक्के कमिशन, बाकीच्यांना जास्त आहे, आज सही केली तर हाच रेट राहील, आणि तू मला विचारलंस की मावशी २४ ठीक आहे का. याचं उत्तर मला देताच येत नाही, कारण २४ टक्के कशाचे ते तू सांगितलंच नाहीस, आणि बहुतेक त्यानेही सांगितलं नसणार.

हिशोब मांडून दाखवते. समज दोन पिठलं-भाकरी थाळ्या, दीडशेच्या दोन, ३०० रुपये. पॅकिंगचे १५. झाले ३१५. त्यावर ऑफर चालू आहे आणि त्यातला ७५ रुपयांचा भाग तुझ्या खिशातला. उरले २४०. आता कमिशन जर या २४० वर असेल तर ५७.६० गेले, त्यावर १८ टक्के जीएसटी १०.३७. पेमेंट गोळा करायचे दोन टक्के धर, जीएसटी धरून ५.६६. म्हणजे १६६.३७ राहिले. मग जाहिरात. महिन्याला ६,००० ची जाहिरात लावलीस आणि ३०० ऑर्डर आल्या तर ऑर्डरमागे २०, जीएसटीसकट २३.६०. राहिले १४२.७७. आता बेसन, तेल, ज्वारी, ठेचा, ताक असं सगळं मिळून ९६ आणि डबे-पिशवी-टेप १८. हातात पडले २८ रुपये ७७ पैसे, आणि यातून अजून गाळ्याचं भाडं, गॅस, लाईट आणि पोरांचे पगार जायचेत.

आता टक्का तोच २४ ठेव, फक्त तो ऑफरच्या आधीच्या ३१५ वर लाव. कमिशन ७५.६०, त्याचा जीएसटी १३.६१. बाकी काहीच बदललं नाही आणि हातात पडले ७ रुपये ५३ पैसे. करारात एक शब्द इकडचा तिकडे झाला की ऑर्डरमागे २१ रुपये जातात, आणि रेटकार्डवर मात्र २४ च दिसतं. म्हणून त्या माणसाला फोनवर नको, मेलवर लेखी विचार, की कमिशन ऑफरच्या आधीच्या रकमेवर की नंतरच्या, पॅकिंगवर धरणार का, लांबच्या ऑर्डरला वेगळी फी आहे का, ऑफरचा बोजा कोणी किती उचलायचा, आणि हे बदलायचं असेल तर मला किती दिवस आधी कळवणार.

हा शेवटचा प्रश्न मी विचारला नव्हता. श्रावणाचे दिवस, उपासाच्या थाळ्या जोरात, टॅबलेटची घंटी थांबत नव्हती, आम्ही सगळे खूश. पेआउट, म्हणजे ॲपकडून खात्यात येणारे पैसे, मात्र आठवड्यामागून आठवडा बारीक होत होते आणि मला वाटलं ऑफरमुळे असेल. दिवाळीच्या आधी भाचीला बसवून ऑर्डरवार शीट काढलं तेव्हा कळलं की जुलैमध्येच नव्या अटींचा मेल आला होता, जाहिरातीच्या मेलांमध्ये गाडला गेलेला, आणि पहिल्या करारातच लिहिलेलं होतं की कळवल्यानंतर सेवा वापरत राहिलात तर बदल मान्य आहेत असं धरलं जाईल. मी तीन महिने रोज शटर वर करून त्या अटी मान्य करत होते. ॲपचं नाव इथे लिहित नाही, असा मेल तुला कुठूनही येऊ शकतो. पण ते पैसे माझ्या दोन बायकांच्या दिवाळीच्या बोनसचे होते आणि तो बोनस मी त्या वर्षी अर्धाच देऊ शकले, हे मला अजून लागतं.

म्हणून धंद्याचा मेल आयडी वेगळा काढ, त्यावर दुसरं काही येऊ देऊ नकोस. सही केलेला करार पीडीएफ करून तारखेच्या नावाने ठेव आणि अटी बदलल्या की नवीन प्रत जुन्याशेजारी ठेव. दर सोमवारी, काहीही झालं तरी, मागच्या आठवड्याच्या कुठल्याही पाच ऑर्डर उचल आणि वरचा हिशोब पैशापर्यंत जुळतोय का ते बघ. पाच पुरतात. जिथे जुळत नाही तिथे काहीतरी बदललंय.

ऑफरांचंही तेच. पॅनलवर एखादी कॅम्पेन चालू दिसली आणि ती तू लावलेली आठवत नसेल तर त्याच दिवशी बंद कर आणि कोणाच्या संमतीने लागली ते लेखी विचार. अकाउंट मॅनेजर गोड बोलतात, चांगली पोरं असतात, पण सहा महिन्यांत बदलतात आणि त्यांनी फोनवर दिलेला शब्द त्यांच्याबरोबर जातो.

जीएसटीचं तुझ्या सीएला नीट विचारून घे. १ जानेवारी २०२२ पासून ॲपवरच्या जेवणाचा ५ टक्के जीएसटी ॲपवालेच सरकारला भरतात, तो तू भरायचा नाही, रिटर्नमध्ये ती विक्री वेगळी दाखवायची. आमच्याकडे पहिल्या दोन महिन्यांत दोन्हीकडून भरला गेला आणि तो निस्तरताना नाकी नऊ आले. आणि कमिशनवर जो १८ टक्के लागतो त्याचं क्रेडिट, म्हणजे आपण भरायच्या जीएसटीतून वजावट, ५ टक्के जीएसटी लावणाऱ्या हॉटेलाला मिळत नाही, म्हणजे तो सरळ खर्चच, त्यामुळे २४ म्हटलं की मनात २८.३२ धरायचं. टीडीएस, म्हणजे ॲपवाले तुझ्या पैशातून आधीच कापतात तो आयकर, मात्र ऑक्टोबर २०२४ पासून एक टक्क्यावरून ०.१ वर आलाय, त्याची फार काळजी नाही.

तक्रारींचे पैसे कोणाच्या खात्यातून कापणार ते कलम दोनदा वाच. आमच्याकडे आता पार्सल बांधायची एक जागा ठरलेली आहे, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली. डबे उघडे ठेवून ओळीने मांडायचे, भाकऱ्या पंख्यासारख्या पसरायच्या म्हणजे मोजता येतात, शेजारी केओटी, म्हणजे स्वयंपाकघरात येणारी ऑर्डरची चिठ्ठी, दोन सेकंद थांबायचं, मग झाकणं, टेप, टेपवर पेनने ऑर्डरचे शेवटचे चार आकडे. रायडर दारात घाई करत असतो, त्या बिचाऱ्याचंही घड्याळ चालू असतं, त्याला पाणी विचारायचं पण ते दोन सेकंद सोडायचे नाहीत. मागे एक तक्रार आली की भाकऱ्या दोनच होत्या, पैसे कापले गेले, मी व्हिडिओतला फोटो लावून मुदतीत हरकत घेतली आणि ते परत आले. मुदत किती ते करारात असतं, आणि ती गेली की कितीही खरं असलं तरी उपयोग नाही.

दराचं कलमही बघ. काही करारांत असतं की इथे लावलेला भाव तुमच्या दुसरीकडच्या भावापेक्षा जास्त चालणार नाही. यावर मोठी लढाई चालू आहे, रेस्टॉरंटवाल्यांच्या एनआरएआय संघटनेने २०२१ मध्ये स्पर्धा आयोगाकडे स्विगी आणि झोमॅटोविरुद्ध तक्रार केली, एप्रिल २०२२ मध्ये आयोगाने चौकशीचा आदेश दिला, त्यात हे भावाचं कलमही आहे. पण आयोग काय म्हणेल त्यावर तुझा या महिन्याचा गल्ला चालत नाही, तुझ्या करारात काय लिहिलंय त्यावर चालतो.

आणि ॲपवर जाऊच नको असं मी म्हणत नाहीये, उलट जा. मी फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या कितीतरी पोरापोरींपर्यंत तसंच पोचले, त्यांना आमची खानावळ या गल्लीत आहे हे कधी कळलंच नसतं. फक्त ती गिऱ्हाइकं तुझ्याकडे नाहीत, त्यांचा नंबर तुझ्याकडे येत नाही, ही गोष्ट धरून चाल. पार्सलमध्ये स्वतःच्या नंबरचं पत्रक टाकायच्या आधी करारात मनाई आहे का बघ. काउंटरवर येणाऱ्याला मात्र विचार, व्हॉट्सॲपवर रोजचा मेनू पाठवू का. माझ्या यादीत आज १८० नंबर आहेत, आजूबाजूच्या चार सोसायट्या, त्यांना आमचा संज्या सायकलवर डबे पोचवतो, आणि ज्या आठवड्यात ॲपवर आम्ही खाली ढकलले जातो त्या आठवड्याचे पगार त्याच डब्यांवर निघतात.

रविवारी दुपारी आम्ही चारला बंद करतो. करार प्रिंट काढून आण, मोबाईलवर नको, मला त्यावर पेन चालवायचंय. आणि तुझ्या थाळीचा खर्च काढून आण, मीठ आणि लिंबाची फोड धरून. तोवर सही करू नकोस, तो आज म्हणाला तरी रेट सोमवारीही तिथेच असेल.

तुझी मावशी