मोठ्या ऑपरेटिंग सिस्टिममधला बग शोधणं इतकं कठीण का? चिपळूणच्या कॉलेज लॅबमध्ये आमचं लिनक्स कधीतरीच गोठतं, मित्राच्या मशीनवर कधीच नाही.

कारण चूक जिथे घडते आणि जिथे दिसते त्या जागा बहुधा वेगळ्या असतात, आणि चूक पाहिजे तेव्हा पुन्हा घडवून आणता येत नाही. मी रत्नागिरीतून लिनक्स ड्रायव्हरचंच, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या कोडचं, काम करतो. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा; त्यातल्या सगळ्या भागांची मेमरी एकच असते. नेटवर्क ड्रायव्हरने भलत्या पत्त्यावर काही लिहिलं, तर बऱ्याच वेळाने कोसळते फाइल सिस्टिम, आणि लॉगमध्ये (सिस्टिमच्या नोंदींमध्ये) नाव येतं त्या बिचारीचं! त्याहून अवघड म्हणजे वेळेवर अवलंबून असलेले बग. प्रोसेसरचे दोन कोअर एकाच डेटाला ठरावीक क्रमाने भिडले तरच ते उगवतात. शोधायला लॉगची एक ओळ घातली की वेळ सरकते आणि बग गायब. लिनक्समधला ‘डर्टी काऊ’ नावाचा बग असाच होता: २००७ पासून कोडमध्ये, दुरुस्त झाला २०१६ मध्ये, तोही हजारो जाणकारांच्या नजरेखालून सुटून.

पण सगळेच बग असे नसतात. हमखास पुन्हा घडणारा असेल, तर ‘गिट बायसेक्ट’ने, म्हणजे दर चाचणीत उरलेले बदल निम्मे करत शोधणाऱ्या साधनाने, कोडमधल्या दहा हजार बदलांतून दोषी बदल साधारण १४ चाचण्यांत सापडतो.

तुमच्या लॅबसाठी:
- आधी मेमटेस्टने रात्रभर रॅम तपासा. खराब रॅम हुबेहूब कर्नलच्या बगसारखी वागते.
- पावसाळ्यात आपल्याकडे वीज सारखी ये-जा करते, तेव्हा पॉवर सप्लायही बदलून बघा.
- मगच कर्नलवर संशय घ्या.