मुलगी परदेशातून शिडाच्या जहाजाचं किट आणतेय. थेट व्हिक्टरीच मागवू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लहानपणी विमानांची एकदोन प्लॅस्टिक किट जोडली होती, आता निवृत्तीनंतर शिडाची जहाजं करायची आहेत, मुलगी दिवाळीला येताना किट आणणार आहे आणि मनात हेलर कंपनीची १:१०० ची, म्हणजे खऱ्याच्या शंभराव्या भागाएवढी, व्हिक्टरी ही जुनी ब्रिटिश युद्धनौका भरली आहे. शिवाय पुण्यात बाकीचं सामान मिळेल का, आणि हाताला रंगकामाची सवय नसताना हे जमेल का?

व्हिक्टरी आत्ता मागवू नका. त्या खोक्यात दोन हजारांच्या वर भाग असतात, पण खरी अडचण ती नाही. ट्रॅफल्गरच्या लढाईत, १८०५ साली, या जहाजावर १०४ तोफा होत्या. तेच ते काम किती वेळा करावं लागेल याचा अंदाज घ्या. पहिल्या दहा तोफा माणूस हौसेने करतो, नंतर खोकं माळ्यावर जातं. पुण्यात कितीतरी माळ्यांवर अशा अर्धवट व्हिक्टऱ्या पडून असतील, अशी माझी खात्री आहे.

विमान जोडलेल्या माणसाला एक गोष्ट आधीच सांगायला हवी. विमानात जोडणी मुख्य आणि रंग शेवटी, असा क्रम असतो. शिडाच्या जहाजात जोडणी चार संध्याकाळींत उरकते. पुढचे महिने रंग आणि दोरा. म्हणून किट निवडताना भाग किती हे न बघता, रंगवायला मोकळी जागा किती आणि दोऱ्या किती, हे बघायचं.

या हिशेबाने मी तुम्हाला रेव्हेलची १:९० ची सांता मारिया सुचवीन. कोलंबसचं जहाज. तीन डोलकाठ्या, मोजकी शिडं, डेक वरून उघडा दिसतो, तोफांच्या रांगा नाहीत. आणखी एक सोय आहे. हे जहाज १४९२ च्या नाताळात हैतीच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतलं आणि गेलं. त्याचा एकही मूळ आराखडा शिल्लक नाही. जगातल्या सगळ्या सांता मारिया अंदाजाने केलेल्या आहेत. त्यामुळे घरी आलेल्या पाहुण्याने चष्मा वर करून ‘हा रंग असा नव्हता’ म्हटलं, तर पुरावा त्याने आणायचा. पुण्यात ही सोय लहान नाही.

‘सुरुवात छोट्या मॉडेलने करा’ असंही कुणी सांगेल, आणि एअरफिक्सची १:४०० ची मेरी रोझ दाखवेल. खोकं लहान, रंग आणि गोंद आतच, दिसायला सोपं. मला हा सल्ला पटत नाही. १:४०० ला चार सेंटीमीटर जाडीचा दोरखंड एक दशांश मिलिमीटर होतो. साठीतल्या डोळ्यांना आणि बोटांना मोठं मॉडेलच सोपं जातं. उलट टोक म्हणजे रेव्हेलची १:९६ ची कटी सार्क. सुंदरच आहे, पण जवळजवळ तीन फूट लांब. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये ती कुठे ठेवणार, हे आधी घरात ठरवा.

आता रंग. आपल्या डोक्यात लाकूड म्हटलं की पॉलिश केलेलं सागवानी कपाट येतं, आणि नवशिका माणूस सगळा डेक तपकिरी करून टाकतो. खऱ्या जहाजाचा डेक ऊन, खारं पाणी आणि रोजची घासणी खाऊन फिकट, करडा झालेला असतो. पाहायचं असेल तर कसबा पेठेत एखाद्या जुन्या वाड्याच्या दारात उभे राहा. आतल्या सोप्यातला खांब काळसर तपकिरी असतो. बाहेर उन्हापावसात राहिलेली, कधी तेलपाणी न झालेली खिडकीची चौकट मात्र राखाडी पडलेली असते, आणि तिच्या रेषांमध्ये काळी धूळ बसलेली असते. डेकला तो रंग हवा.

तो आणण्याची माझी पद्धत सांगतो. आधी भाग जोडलेल्या प्लॅस्टिकच्या सगळ्या फ्रेम भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवा. साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेल भागांवर राहिलेलं असतं, त्यावर रंग धरत नाही. मग प्रायमर, म्हणजे रंग धरावा म्हणून द्यायचा पहिला थर. त्यावर टामियाचा एक्सएफ-७८, म्हणजे ‘वुडन डेक टॅन’, पातळ दोन हात. एक रात्र वाळू द्या. दुसऱ्या दिवशी कॅमलच्या ऑइल कलरमधला बर्न्ट अंबर चण्याएवढा घ्या आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यावर अर्धा तास ठेवा. पुठ्ठा त्यातलं तेल शोषून घेतो, त्यामुळे रंग लवकर वाळतो आणि चमकत नाही. मग तो बिनवासाच्या व्हाइट स्पिरिटमध्ये चहाच्या रंगाइतका पातळ करून डेकभर फिरवा. पंधरा-वीस मिनिटांनी जुन्या बनियनचं फडकं बोटाला गुंडाळून पुसा. पुसायचं फक्त फळीच्या लांबीच्या दिशेने, आडवं एकदाही नाही. फटींमध्ये रंग राहतो, तो डांबर भरलेल्या सांध्यांचं काम करतो. फळीवर राहिलेले पुसट ओरखडे लाकडाचे रेषे वाटतात. पहिल्यांदा हे होताना बघताना मजा येते, करडं प्लॅस्टिक डोळ्यांदेखत लाकूड व्हायला लागतं.

दोन-तीन दिवसांनी हात लावून बघा. चिकटत नसेल तर पाच-सहा फळ्या निवडून किंचित फिकट, दोन-तीन किंचित करड्या करा. किंचित म्हणजे खरंच किंचित. उत्साहाच्या भरात प्रत्येक फळी वेगळी रंगवलेले डेक मी पाहिलेत, ते बुद्धिबळाच्या पटासाठी ठीक. जहाजाच्या बाजूंना हीच पद्धत, फक्त खालचा रंग जरा गडद.

हे सगळं जोडणीच्या आधी करायचं. डेक दोन बाजूंच्या मध्ये एकदा बसला की कठड्याच्या आतल्या कोपऱ्यात ब्रश जात नाही. दोऱ्या अडकवायच्या कड्या आणि भोकंसुद्धा आधीच करून घ्या.

ब्रशने करा, एअरब्रशची घाई नको. कॉम्प्रेसरचा आवाज शेजाऱ्यांना ऐकवण्याइतकं काम पहिल्या जहाजात नसतं. प्रायमरचा डबा फवारायचा असेल तर मात्र जुलै-ऑगस्ट टाळा. हवेत दमटपणा असला की फवारलेल्या प्रायमरवर पांढुरकी साय धरते. दिवाळीपासून होळीपर्यंतची पुण्याची कोरडी हवा या कामाला उत्तम. पावसाळा दोऱ्यांसाठी ठेवा.

दोऱ्यांकडे वळण्याआधी डोलकाठ्या. प्लॅस्टिकची डोलकाठी दोन अर्ध्यांची असते. दोऱ्या ताणल्या की ती वाकते, आणि वाकलेली डोलकाठी लांबूनही लपत नाही. दोन अर्धे चिकटवण्याआधी आत सायकलचा स्पोक घाला. तो साधारण दोन मिलिमीटर जाड असतो, कुठल्याही सायकलवाल्याकडे मिळतो आणि बहुतेक पोकळ डोलकाठ्यांत मावतो. सांधा वाळल्यावर ४०० आणि मग ६०० नंबरच्या वॉटर पेपरने घासा. चिकटवायला मॉडेलसाठीचा पातळ सिमेंटच वापरा, तो प्लॅस्टिक विरघळवून सांधा एकजीव करतो. फेव्हिक्विक नको. सांधा ठिसूळ होतो आणि त्याची वाफ जवळच्या रंगावर पांढरी बसते.

दोऱ्या दोन जातींच्या असतात. डोलकाठी जागेवर धरून ठेवणाऱ्या दोऱ्या कायमच्या बांधलेल्या असतात, त्यांना डांबर फासलेलं असायचं, म्हणून त्या काळपट तपकिरी. शिडं ओढायच्या, सोडायच्या दोऱ्या हलत्या, त्या दोराच्या मूळ फिकट रंगाच्या. इतका एक फरक पाळला तरी मॉडेल जाणत्या माणसाचं वाटतं. किटमध्ये दोरा बहुतेक एकाच जाडीचा येतो, तो बाजूला ठेवा. रविवार पेठेत तीन जाडीचे पॉलिस्टर दोरे घ्या. हिशेब सोपा आहे: १:९० ला एक मिलिमीटरचा दोरा म्हणजे नऊ सेंटीमीटरचा दोरखंड. तो फार झाला. जाड दोऱ्यांना अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, बाकीच्यांना त्याहून बारीक. प्रत्येक दोरा मधमाश्यांच्या मेणावरून दोनदा ओढून घ्या, म्हणजे लव बसते आणि धूळ कमी धरते.

बांधताना आधी कायमच्या दोऱ्या, खालून वर आणि मधून बाहेर. डावीकडे एक बांधली की लगेच उजवीकडे एक. एका बाजूच्या सगळ्या उरकून घेतल्या तर स्पोक असूनही डोलकाठी कलते. टोकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लटकवून ठेवा, ताण सारखा राहतो. मग गाठीवर पाणी घातलेल्या फेविकॉलचा एक थेंब.

खलाशी वर चढतात त्या दोरीच्या शिड्या, म्हणजे रॅटलाइन, यांची सगळ्यांना धास्ती असते. खऱ्या जहाजात एका पायरीपासून दुसरी पायरी ३५-४० सेंटीमीटरवर असते, १:९० ला ते चार मिलिमीटर होतं. मिलिमीटरच्या आलेख कागदावर दर चार मिलिमीटरला रेघ मारा, तो कागद उभ्या दोऱ्यांच्या मागे लावा, आणि प्रत्येक रेघेवर एक आडवा दोरा बांधत जा. मधल्या दोऱ्यांवर स्काउटमध्ये शिकवतात ती क्लोव्ह हिच गाठ, दोन्ही कडांना साधी गाठ. ओढून बांधू नका, नाहीतर उभ्या दोऱ्या आत येतात आणि शिडीची कंबर दिसू लागते. एका बैठकीत एका बाजूच्या दहाबारा पायऱ्या पुरेत. रेडिओ लावून बसावं असं हे काम आहे.

शिडांबद्दल माझं मत जरा टोकाचं आहे. किटमधली फुगलेली प्लॅस्टिकची शिडं मला आवडत नाहीत, जाड दिसतात. पहिल्या जहाजाला लावायची तर लावा, पण मागच्या वाऱ्याने शिडं पुढे फुगलेली असताना निशाण मागे फडकवू नका. वारा एकच असतो. तो मागून येत असेल तर निशाणही पुढच्या बाजूलाच उडणार. खोक्यावरच्या चित्रांतसुद्धा ही गफलत सापडते, शोधून बघा.

पुण्यातल्या सामानाचं बोलायचं तर ब्रश, ऑइल कलर, पुठ्ठा अप्पा बळवंत चौकात. दोरे, मणी, पितळी तार रविवार पेठ आणि बोहरी आळीत. टामिया किंवा वायेहोचे रंग ऑनलाइन देशातल्याच विक्रेत्यांकडून मागवा. मुलीला रंग, थिनर आणि सिमेंट आणायला सांगू नका. ज्वालाग्राही म्हणून ते विमानतळावरच काढून घेतील. तिने किट, फ्रेममधून भाग कापायचा चांगला निपर आणि बारीक ड्रिल बिटं आणावीत.

तुम्ही ओझरतं विचारलंय, म्हणून: आंग्र्यांच्या आरमारातल्या गुराबाचं किंवा गलबताचं प्लॅस्टिक किट माझ्या पाहण्यात नाही. मुंबईत वाडियांच्या गोदीत सागवानाचं बांधलेलं, १८१७ साली पाण्यात उतरलेलं ट्रिंकोमाली आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे, त्याचंही नाही. गुराब करायचा तर कागदावरच्या आराखड्यापासून सगळं स्वतः करावं लागेल. चौथ्या-पाचव्या जहाजानंतर तो विचार करा, आणि केलात तर इथे फोटो जरूर टाका.

व्हिक्टरीकडे पुढे कधीतरी वळाल तेव्हा दोन गोष्टी लक्षात असू द्या. तिच्या तळाला १७८० साली तांब्याचे पत्रे ठोकले, लाकूड पोखरणारे समुद्री किडे लागू नयेत म्हणून. लोक तो तळ तांबट आळीतल्या नव्या हंड्यासारखा लखलखीत करतात. समुद्रातलं तांबं मळकट तपकिरी आणि पाण्याच्या रेषेपाशी हिरवट होतं. दुसरं, जुन्या किटच्या सूचनापत्रकात बाजूंचे पट्टे पिवळे सांगितलेले असतात. पोर्ट्समथला असलेलं खरं जहाज रंगांच्या जुन्या थरांची तपासणी करून २०१५ मध्ये पुन्हा रंगवलं, तेव्हा तो पट्टा फिकट, गुलाबीकडे झुकणारा निघाला. मी असतो तर नव्या रंगाने केलं असतं, पण पिवळं जास्त देखणं दिसतं हे नाकारत नाही.

जहाज ठेवायच्या काचेच्या पेटीचं माप मात्र किट उघडायच्या आधीच काढा. बाजूंना आणि वर दोन-दोन इंच मोकळे सोडून काचवाल्याकडून पेटी करून घ्या. आपल्याकडे कुठे ना कुठे बांधकाम चालू असतंच, आणि मेण लावलेल्या दोऱ्यांवर बसलेली ती धूळ फुंकून जात नाही. पेटी पश्चिमेच्या खिडकीसमोर ठेवू नका, उन्हाने दोरे विटतात. आणि घरात सगळ्यांना, विशेषतः झाडलोट करणाऱ्या मावशींना, सांगून ठेवा की जहाज उचलायचं ते खालच्या स्टँडला धरून, डोलकाठीला धरून नाही.