‘मारतो का?’ हा पहिला प्रश्न नको

प्रिय मैत्रिणी,

जोडीदाराकडून होणाऱ्या छळावरच्या तुझ्या पत्रकाचा मसुदा वाचला. सुजलेला डोळा आणि खाली ‘मार सहन करू नका’, हे आधी काढून टाक. जिच्यावर कधी हात उगारला गेला नाही, पण जी खरेदीहून आल्यावर पावतीतल्या ओळीन् ओळीचा हिशेब देते, ती म्हणेल, ‘आपल्याकडे एवढं काही नाही.’ पत्रक तर तिच्यासाठीच आहे.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ इव्हान स्टार्क यांनी २००७ मध्ये हेच ठासून मांडलं: सुटे प्रसंग मोजू नका, त्यांची साखळी बघा, इथे हिरावलं जातं ते स्वातंत्र्य. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याने जोडीदारावरचं असं सततचं नियंत्रण हाच गुन्हा ठरला, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. भारताच्या २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यातही भावनिक आणि आर्थिक छळ हिंसाचारातच मोडतो.

म्हणून पत्रकात प्रश्न घाल. ‘न विचारता काय काय करता येत नाही?’ ‘पगार कोणाच्या हातात जातो?’ ‘गेल्या वर्षभरात कोणाकोणाशी बोलणं तुटलं?’ आणि माझ्या मते सगळ्यांत कामाचा: ‘आज घरी पोचायला अर्धा तास उशीर झाला, तर काय होईल?’ उत्तर देण्याआधी ती घड्याळाकडे बघते का, ते बघ.

घरातले नियम सतत बदलतात हेही लिही. काल फोन उचलला नाही म्हणून भांडण, आज कामात असताना उचलला म्हणून. बरोबर वागणं शक्यच नसतं, तरी ती जास्त सांभाळून वागू लागते. मधूनच एखादा दिवस लाडाचा जातो आणि ‘मूळचा तो असाच आहे’ ही आशा परत जागी होते. ‘त्याला राग आवरत नाही’ या वाक्यावर मात्र विश्वास ठेवू नकोस. साहेबासमोर छान आवरतो. (पुरुषही यात अडकतात. तेही हेच प्रश्न वाचतील, त्यामुळे मजकुरात ‘जोडीदार’ म्हण.)

आता धोक्याचं. ‘सोडून दे त्याला’ हे छापू नकोस आणि तोंडानेही बोलू नकोस. ताबा सुटतोय असं दिसलं की तो घट्ट करायला काहीही केलं जातं. निघण्याचा काळ आणि त्यानंतरचे काही महिने सर्वांत जोखमीचे. निघायचं ते तयारीने: कागदपत्रांच्या प्रती, रोजची औषधं, जादा किल्ली आणि थोडी रोख रक्कम घराबाहेर विश्वासाच्या माणसाकडे. त्याच माणसाशी ठरलेला एक साधा शब्द, जो फोनवर ऐकला की त्याने प्रश्न न विचारता मदत बोलवायची. वाद पेटला तर स्वयंपाकघर आणि बाथरूम टाळायचं. एकीकडे सुऱ्या, दुसरीकडे बाहेर पडायला वाट नाही.

गळा दाबला होता का, हे स्वतंत्रपणे विचार, कारण बायका ते ‘मारणं’ यात धरत नाहीत. २००८ च्या एका अमेरिकी अभ्यासात, जोडीदाराने आधी गळा दाबलेल्या स्त्रियांचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सुमारे सातपट आढळली. बाहेर वळ नसतानाही आतली रक्तवाहिनी दुखावलेली असू शकते. आवाज घोगरा, गिळायला त्रास, डोळ्यांत लाल ठिपके: त्याच दिवशी दवाखाना.

फोनबाबत नवखे लोक हमखास चुकतात. लोकेशन दिसतंय म्हटल्यावर लगेच बंद करायला सांगतात. बंद होताच पलीकडे कळतं आणि संध्याकाळी जाब विचारला जातो. आधी दुसऱ्या कोणाच्या फोनवरून मदत शोधायची, तिथूनच नवीन ईमेल उघडायचा, प्रसंगांच्या नोंदी तारीख-वेळेसह त्यात ठेवायच्या. जुन्या फोनला तोवर हात लावायचा नाही.

म्हणूनच पत्रक कोणालाही मेसेजवर पाठवू नकोस. तो फोन आणखी कोणीतरी वाचतं. मोठी प्रत बायकांच्या स्वच्छतागृहात, दाराच्या आतल्या बाजूला लाव. तिथे तरी ती एकटी असते. खाली मदतीच्या नंबरच्या फाडून घ्यायच्या चिठ्ठ्या ठेव, बोटाएवढ्या, वर शीर्षक नाही, फक्त आकडे. आणि पहिल्या दोन-तीन चिठ्ठ्या तूच फाडून टाक. कोरा कागद असला की पहिली होण्याची हिंमत कोणी करत नाही.

तुझी,
ताई