वाचकांचे प्रश्न : 'चौघीजणी' आजच्या मुलींना रुचेल का?

प्रश्न : खानापुरात सुट्टीत आठवी-नववीच्या मुलींचा वाचनकट्टा चालवते. शांता शेळक्यांनी अनुवादलेली 'चौघीजणी' घ्यायची आहे. एवढी जुनी, परदेशातली गोष्ट मुलींना आपली वाटेल का?
– एक वाचक

उत्तर : वाटेल, ताई. वडील युद्धावर, घरात पैशांची ओढाताण आणि चार बहिणींची भांडणं. खानापूर काय, निपाणी काय, मुलींना हे समजावून सांगावं लागत नाही. त्यातही मूळ इंग्रजी 'लिटल विमेन' लिहिणाऱ्या लुईसा मे अल्कॉटनं कोणालाच शहाणं बाळ केलेलं नाही. मूळ आठव्या प्रकरणात धाकटी एमी रागानं लेखनवेड्या बहिणीचं, ज्योचं, हस्तलिखित जाळते. ज्यो अबोला धरते, एमी बर्फ फुटून पाण्यात पडते, तेव्हा राग गळतो. नमुना म्हणून आधी हेच वाचून दाखवा.

प्रत मात्र तपासून घ्या. मूळ कादंबरी 1868 आणि 1869 अशा दोन भागांत आली. एकूण 47 प्रकरणं, पहिल्या भागात 23. थोरल्या मेगचं लग्न ठरतं तिथेच पुस्तक संपत असेल, तर हातात अर्धंच आहे. संक्षिप्त आवृत्त्या टाळाच. भांडणं-रुसवे कापले की उरतो नुसता उपदेश.

बैठकीला दोन प्रकरणं पुरेत. बहिणींच्या घरगुती वृत्तपत्राचं दहावं प्रकरण एकटीनं वाचलं की रेंगाळतं, मुलींना भूमिका वाटून द्या. चाळिसावं, तिसरी बहीण बेथ हिच्या मृत्यूचं, बैठकीच्या शेवटी ठेवू नका. बोलायला वेळ हवा. ज्यो शेजारच्या लॉरीला लग्नासाठी नकार देते तिथे वाद होणारच. होऊ द्या, तेव्हाच्या वाचकांनीही लेखिकेला पत्रं लिहून भंडावलं होतं!