सासूला बाहेर बसवायचं कसं?

पुण्यात शिकून परभणी जिल्ह्यातल्या तालुक्याच्या दवाखान्यात समुपदेशक म्हणून रुजू झालात. एका सुनेसोबत सासू, नवरा आणि मामा आत आले, तुम्ही "फक्त पेशंटनं थांबावं" म्हणालात, आणि मंडळी परत फिरकलीच नाहीत. माझंही सुरुवातीला लातूरकडं हेच झालं होतं.

आपल्याकडं आजारी माणूस एकटा येतच नाही. सोबतच्यांनी दिवसाचा रोज बुडवलेला असतो, एसटीचं भाडं भरलेलं असतं. त्यांना दारातूनच बाहेर काढलं की आत आपल्याविरुद्ध काहीतरी शिजतंय असं वाटतं. त्याचा जाब घरी तिलाच द्यावा लागतो: "काय सांगितलंस त्या बाईला?"

म्हणून मी आधी सगळ्यांनाच बसवते. सासूला विचारते, "मावशी, कधीपासून जेवत नाही ही?" पंधरा-वीस मिनिटं तिचंच ऐकते. मग म्हणते, "आता एकेकाला विचारते. आधी ही, मग तुमचा नंबर." आणि नंबर खरंच लावायचा बरं का, नुसती थाप मारायची नाही. एका सासूनं आत येऊन स्वतःच दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाली, "मलाबी रातीची झोप येत न्हाई. पर सुनेला नका सांगू."

खुर्च्यांचं म्हणाल, तर दोन माणसांनी किती अंतरावर बसावं याचं पुस्तकातलं ४५ सेंटिमीटर ते १.२ मीटरचं माप मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६०च्या दशकात अमेरिकन लोकांना बघून मांडलेलं. इथं म्हातारी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बोलते. तीच जर तरणी सून असेल आणि समोर तुमच्यासारखा पुरुष, तर ती भिंतीला खेटून बसणार. खुर्ची समोरासमोर नको, तिरकी ठेवा. दार अर्धं उघडं, सिस्टर दिसेल पण ऐकू जाणार नाही इतक्या लांब. तिच्याच गावच्या आशाताईला मात्र मध्ये घेऊ नका, कितीही भली असली तरी. अर्धं गाव तिच्या नात्यातलं असतं.

केसपेपरवर कमीत कमी लिहा. घरी तो शाळेत जाणारा पुतण्या मोठ्यानं वाचून दाखवतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर देण्याआधी "फोन कुणाजवळ असतो?" हे विचारा. बहुतेकदा नवऱ्याजवळच असतो.

कोण कुठं बसावं यात मी हवी तेवढी तडजोड करते. तिनं एकटीनं सांगितलेलं घरच्यांना सांगण्यात नाही, मामा कितीही खोदून विचारोत. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम २३ गोपनीयतेचंच आहे. जीवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी, आणि तेही मी तिला पहिल्याच भेटीत सांगून ठेवते.

तुमच्या त्या सुनेला फोन करू नका, तो नवराच उचलेल. पुढं कधी त्या घरातलं कुणी बीपीच्या गोळ्यांना नाहीतर बाळाच्या लसीला आलं, तर ओळख दाखवा, खुर्ची द्या. सासू आली असेल तर उत्तमच. सुनेचा विषय तुम्ही काढू नका, आधी तिच्या गुडघ्यांचं विचारा.