हायब्रिडची जाळी शेवटची कधी साफ केलीत?

‘हायब्रिड म्हणजे इलेक्ट्रिकच ना?’ हा प्रश्न महिन्यातून दहा वेळा येतो. नाही. पेट्रोल इंजिन, मोटर आणि छोटी बॅटरी, तिघांचा एकत्र संसार म्हणजे हायब्रिड. आता पुढचे.

प्रश्न : आमच्याकडे लोडशेडिंग आहे. रात्री चार्जिंगला कशी लावायची? (औसा)

लावायचीच नाही. बाहेरून चार्ज करायची प्लग-इन हायब्रिड वेगळी. तुमच्या गाडीला प्लगच नाही.

प्रश्न : डिकीवर ‘हायब्रिड’ लिहिलंय. नुसत्या बॅटरीवर किती किलोमीटर जाईल? शोरूमवाला नीट सांगत नाही. (जालना)

तो सांगणारही नाही. वर्णनावरून ही माइल्ड हायब्रिड आहे, बॅटरीवर एक मीटरही जाणार नाही. सिग्नलला थांबलेलं इंजिन चालू करायचं आणि उचल घेताना जरा हातभार लावायचा, एवढंच तिच्या मोटरचं काम. स्ट्राँग हायब्रिडची मोटर एकटी गाडी ओढते. दोन्हींवर एकच पाटी लावून विकणं ही निव्वळ चलाखी. ‘इंजिन बंद ठेवून गाडी पुढे घेऊन दाखवा’ म्हणा, मगच बुकिंगचे पैसे काढा.

प्रश्न : पुस्तिकेत 27 च्या पुढे ॲव्हरेज, बीड-संभाजीनगर रस्त्याला 20 मिळतं. फसलो का? (बीड)

फसला नाहीत. 27 हा चाचणीतला आकडा. ब्रेक दाबला की मोटर जनरेटर होते आणि वाया जाणारा जोर विजेच्या रूपात बॅटरीत भरते. हायवेला शंभरच्या वेगात ब्रेक लागतोच किती? संभाजीनगरात गुलमंडीच्या गर्दीत चालवून बघा. तिथंही आकडा हलला नाही, तर सर्व्हिस सेंटरला दाखवा.

प्रश्न : मागच्या सीटकडून पंख्याचा घरघर आवाज येतो. मित्र म्हणतो, उन्हाळ्यात असं होतंच. (सेलू)

मित्राला गाडी देऊ नका. ‘होतंच’ म्हणून सोडणाऱ्यांच्या बॅटऱ्या मी बघितल्यात. बऱ्याच हायब्रिडमध्ये मुख्य बॅटरी थंड ठेवायला गाडीच्या आतलीच हवा ओढतात, मागच्या सीटजवळच्या जाळीतून. त्या जाळीवर आपण काय काय ठेवतो! सतरंजी, लग्नाच्या बॅगा, नवं सीट कव्हर. एका जिनिंगवाल्याच्या गाडीची जाळी काढली, तर रुई आणि धूळ मिळून गोधडीसारखा थर हातात आला. उजेडासमोर धरली तरी आरपार काही दिसेना. ही रुई साचते हिवाळ्यात, भोगावं लागतं वैशाखात. बाहेर 43-44 अंश, काचा बंद करून उन्हात उभी केलेली गाडी, त्यात हवेची वाट बुजलेली. पंखा जीव तोडून फिरतो, बॅटरी तरीही तापते आणि तापलेल्या बॅटरीचं आयुष्य झपाट्यानं घटतं. जाळीवरचं सामान आजच उचला. या हवेच्या वाटेतला फिल्टर कुठे आहे ते पुस्तिकेत सापडेल. आपल्या भागात तो प्रत्येक सर्व्हिसला उघडून दाखवायला लावा, ‘केलंय साहेब’वर विश्वास ठेवू नका. आवाज सुरू झालाय म्हणजे नुसत्या फुंकरीनं भागायचं नाही. याच आठवड्यात बॅटरी तपासून घ्या.

प्रश्न : हायब्रिडचा इशाऱ्याचा दिवा दोन महिने लागलेला आहे. ओळखीचा गॅरेजवाला केशरी वायर काढून बघतो म्हणतो. (नांदेड)

दोन महिने! केशरी वायर म्हणजे जिवावर बेतणारा व्होल्टेज. प्रशिक्षण नसलेल्या माणसाला हात लावू देऊ नका. उद्या अधिकृत सर्व्हिस सेंटर.

प्रश्न : जुन्या गाडीला हायब्रिड किट बसवून देणारा भेटलाय. ‘आरटीओचं मी बघतो’ म्हणतो. (तुळजापूर)

त्याला किटचं मान्यतापत्र मागा. आरटीओत आणि विमा कंपनीत मात्र स्वतः जाऊन विचारा, ॲडव्हान्स देण्याआधी.