परसातल्या भाज्यांचा फ्रेंच रस्सा

प्रश्न : दिवाळीनंतर आमच्या परसात कोबी, गाजर, सलगम भरपूर येतात. त्यांचा फ्रेंच शेतकऱ्यांसारखा रस्सा मांसाशिवाय करता येईल का?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : अवश्य. नैऋत्य फ्रान्समधील गास्कोनीचा ‘गार्ब्यूर’ करून पाहावा. मुळात त्यात डुकराचे किंवा बदकाचे खारवलेले मांस असते. ते वगळल्यास कांदा व भरपूर लसूण लोण्यात मंद आचेवर सोनेरी होईपर्यंत परतावा, नाहीतर रस्सा मिळमिळीत लागतो. रात्रभर भिजवलेला पांढरा राजमा आधी पूर्ण मऊ शिजवून मग गाजर, सलगम, बटाटे आणि शेवटच्या अर्ध्या तासात कोबी घालावा. टोमॅटो घालायचा असल्यास तोही राजमा शिजल्यावरच घालावा; आधी पडला, तर राजमा टणक राहतो. (मोहरी-हिंगाच्या फोडणीचा मोह मात्र आवरावा!) पळी उभी राहील इतका दाट झाला, की ताटलीत शिळ्या पावाचा तुकडा ठेवून त्यावर वाढावा.